रेडिएटरच्या पंख्याचा स्विच: 87, 92 की 100?



या पानावर मी बहुतेक वेळा बहार, ताण, छाटणी आणि ठिबक यावर लिहितो. आज पिकाबद्दल नाही, पीक मोंढ्यापर्यंत नेणाऱ्या गाडीबद्दल लिहितोय. मार्च-एप्रिलमध्ये मृग बहाराची मोसंबी निघते, पारा 40 च्या वर जातो, आणि नेमक्या त्याच दिवसांत एखाद-दुसरी गाडी वाफ सोडत रस्त्याच्या कडेला उभी दिसते. कारणं वेगवेगळी असतात, पण एक कारण परत परत निघतं: रेडिएटरचा पंखा वेळेवर लागला नाही. आणि पंखा वेळेवर लावायचं काम ज्याच्याकडं असतं तो म्हणजे पितळेचा अंगठ्याएवढा एक स्विच. किंमत दोन-चारशे रुपये. तो चुकीचा बसला तर हेड पॅकिंग उडतं, हेड वाकतं, आणि खर्च हजारांत जातो. वर 35 कॅरेट माल उन्हात अडकतो तो वेगळाच.

आधी हा स्विच कुठल्या गाडीत असतो ते बघू. ट्रॅक्टरमध्ये शक्यतो नसतो. तिथं पंखा पट्ट्यावर फिरतो, इंजिन चालू तर पंखा चालू, विषय संपला. पण ज्या छोट्या पिकअपमध्ये आणि व्हॅनमध्ये इंजिन सीटखाली आणि रेडिएटर पार पुढं नाकात असतो, तिथं पट्टा पोचणार कसा? म्हणून तिथं विजेवरचा पंखा देतात. तो बॅटरीवर चालतो, आणि पाणी किती तापलं ते बघून स्विच त्याला चालू-बंद करतो.

या पंख्याची गरज कधी पडते हेही लक्षात घ्या. गाडी 50-60 च्या वेगानं पळत असली तर समोरून येणारा वाराच रेडिएटर थंड करतो. समृद्धी महामार्गावर किंवा जालना-अंबड रोडवर मोकळी पळणारी गाडी पंख्याशिवायही तग धरते. खरी परीक्षा आपल्या पाणंद रस्त्यावर होते. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, भरलेला माल, खालून तापलेली काळी जमीन आणि वारा शून्य. दुसरी परीक्षा मोंढ्याच्या गेटवरच्या रांगेत. गाडी अर्धा तास चालू उभी, दोन फूट पुढं, परत उभी. तिथं गाडीला वाचवणारा एकच, तो पंखा. म्हणजे शहरातल्या गाडीपेक्षा आपल्या गाडीला हा स्विच जास्त महत्त्वाचा आहे.

माझी पिकअप सेकंडहँड घेतलेली. घेतली तेव्हा पंखा सरळ चावीच्या लाइनवर जोडलेला होता. चावी फिरवली की पंखा सुरू, तो चावी काढेपर्यंत. स्विचच्या दोन्ही वायरी टेप गुंडाळून बाजूला लटकत होत्या, आणि इंजिनवरच्या स्विचचा आकडा गंजून पुसला गेला होता. गाडीसोबत पुस्तक नव्हतं. मागच्या उन्हाळ्याच्या आधी पंख्याची मोटार कुरकुर करायला लागली. उघडली तर कार्बन ब्रश पार संपत आलेले. मोटार बदलायचीच होती, म्हणून म्हणलं, आता सगळं मुळापासून नीट करू.

विचारायला गेलो तर तीन ठिकाणी तीन सल्ले मिळाले.

पहिला सल्ला: "डायरेक्टच राहू द्या, टेन्शन नाही."
दुसरा: "थर्मोस्टॅट वॉल्व्ह काढून टाका, पाणी मोकळं फिरेल, गाडी गरमच होणार नाही."
तिसरा: "सगळ्यात कमी आकड्याचा स्विच टाका. जितका लवकर पंखा लागेल तितकं इंजिन गार."

तिन्ही सल्ले देणारी माणसं अनुभवी आहेत, त्यांच्या हातून शेकडो गाड्या गेल्यात. त्यामुळं मी कुणाला वाईट म्हणत नाही. पण प्रत्येक सल्ल्यात कुठं अडतं ते समजून घेतलं, आणि त्यातूनच आकडा कसा निवडायचा ते कळलं.

दुसऱ्या सल्ल्यापासून सुरुवात करतो, कारण वॉल्व्ह समजला की स्विच समजतो. वॉल्व्हच्या आत मेणाची एक डबी असते. पाणी थंड असताना तो बंद असतो आणि पाणी इंजिनातच फिरवत ठेवतो, म्हणजे इंजिन लवकर तापतं. ठरलेल्या तापमानाला मेण फुगतं, वॉल्व्ह उघडतो आणि पाणी रेडिएटरकडं जायला लागतं. हा आकडा वॉल्व्हवरच कोरलेला असतो, बहुतेक 82 किंवा 88. तो उघडायला लागण्याचा आकडा आहे. पूर्ण उघडायला आणखी दहा-बारा अंश लागतात.

वॉल्व्ह काढला तर थंडीत इंजिन तापतच नाही. तेल पातळ होत नाही, इंधन जास्त जातं, झीज वाढते. आणि काही इंजिनांत तर उलटंच होतं. तिथं वॉल्व्ह उघडताना बायपासचं तोंड बंद करतो. वॉल्व्हच नसला तर बायपास कायम उघडा राहतो, गरम पाण्यातलं बरंचसं पाणी रेडिएटरकडं न जाता तसंच इंजिनात परत येतं, आणि उन्हाळ्यात गाडी आधीपेक्षा जास्त गरम होते. ठिबकचा बायपास उघडा राहिला तर लाइनच्या शेवटच्या झाडाला पाणी पोचतं का? तसंच हे.

म्हणून वॉल्व्ह ठेवायचा. माझ्या गाडीतला काढून बघितला, त्यावर 82 होतं. हा झाला खालचा बांध.

आता तिसरा सल्ला, कमी आकड्याचा स्विच. दुकानात गेलो तर माझ्या मापात तीन मिळाले: 87/82, 92/87 आणि 100/95. या जोडीतला पहिला आकडा पंखा लागण्याचा, दुसरा बंद होण्याचा. स्विचच्या षटकोनी अंगावर हे कोरलेलं असतं. मधलं 5 अंशांचं अंतर मुद्दाम ठेवलेलं असतं. घरावरच्या टाकीला आपण ऑटोमॅटिक बसवतो तेव्हा टाकी इतकी रिकामी झाली की मोटार सुरू आणि पूर्ण भरली की बंद, असे दोन टप्पे ठेवतो ना? एकच टप्पा ठेवला तर मोटार मिनिटाला दहा वेळा चालू-बंद होऊन जळेल. पंख्याचंही तसंच.

माझ्या गाडीत हा स्विच इंजिनवर, वॉल्व्हच्या अलीकडं बसतो. म्हणजे तो इंजिनमधलं तापलेलं पाणी मोजतो. आता 87/82 चा स्विच तिथं लावला तर काय होईल? पंखा 87 ला लागेल, ठीक. पण बंद होण्यासाठी पाणी 82 पर्यंत उतरायला पाहिजे. आणि वॉल्व्ह तर 82 च्या जवळ आला की मिटायला लागतो, तो पाण्याला तिथून खाली जाऊच देत नाही. त्याचं कामच ते आहे. मग मे महिन्यात एकदा लागलेला पंखा बंदच होणार नाही. म्हणजे पैसे देऊन स्विच विकत घेतला आणि पंखा परत डायरेक्टच झाला!

इथंच बरीच गडबड होते. पंखा लवकर लागला म्हणजे इंजिन जास्त गार राहतं असं आपल्याला वाटतं. पण इंजिन किती गार राहणार याची खालची हद्द वॉल्व्ह ठरवतो, पंखा नाही. पंख्याला त्या हद्दीच्या वरच काम आहे. म्हणून पहिला नियम असा लिहून ठेवा: स्विच इंजिनच्या बाजूला असेल तर त्याचा बंद होण्याचा आकडा वॉल्व्हच्या आकड्यापेक्षा चार-पाच अंश तरी वर पाहिजे.

मग 100/95 का नको? बंद होण्याचा आकडा तर मस्त वर आहे. इथं वरचा बांध येतो, आणि तो आपल्या जालन्याच्या जमिनीवर अवलंबून आहे.

पाणी 100 अंशाला उकळतं हे शाळेत शिकलो ते समुद्रकिनाऱ्याचं. आपला भाग समुद्रसपाटीपासून साधारण 500 मीटर उंच. दर 300 मीटरला उकळण्याचं तापमान साधारण एका अंशानं उतरतं. म्हणजे आपल्याकडं उघड्या भांड्यातलं पाणी 98 च्या आसपासच उकळतं. रेडिएटरमध्ये ते उकळत नाही, कारण झाकण दाब धरून ठेवतं. झाकणावर 0.9 लिहिलेलं असेल आणि ते खरंच तेवढा दाब धरत असेल तर साधं पाणीसुद्धा 118 च्या आसपास उकळतं. कूलंट निम्मं-निम्मं मिसळलेलं असेल तर आणखी वर.

पण आपल्या जुन्या गाड्यांची झाकणं बघा. रबर कडक झालेलं, स्प्रिंग ढिली, कुणीतरी दुसऱ्याच गाडीचं बसवलेलं. दाब धरतच नाही. अशा गाडीत 100 चा स्विच म्हणजे पाणी 98 ला उकळणार, आणि पंखा 100 ची वाट बघत बसणार. उकळलं की पाणी बाहेर फेकलं जातं, पातळी उतरते, स्विचचं टोक पाण्याऐवजी वाफेत येतं. वाफेत त्याला बरोबर समजतच नाही. पंखा लागतो-न-लागतो, आणि तोवर हेड गेलेलं असतं.

कंपनीनं मुळात 100 च्या आसपासचा स्विच दिला असेल तर तो चूक आहे असं मी म्हणत नाही. तो चांगलं झाकण, बरोबर कूलंट आणि न गळणारे पाइप गृहीत धरून दिलेला असतो. ज्याची गाडी मूळ अवस्थेत आहे आणि पुस्तक हाताशी आहे त्यानं पुस्तकातलाच आकडा घ्यावा. पण ज्याला झाकणाची खात्री नाही त्यानं उकळण्याच्या आकड्याच्या खाली पाच-सहा अंश राहावं. हा दुसरा नियम.

दोन्ही बांध मिळून माझं गणित असं झालं: खाली वॉल्व्ह 82, वर उकळण्याची हद्द 98. 87/82 खालच्या बांधाला टेकतो. 100/95 वरचा बांध ओलांडतो. 92/87 मधोमध बसतो. तोच घेतला. झाकणही नवीन घेतलं, ते स्विचपेक्षा स्वस्त पडलं.

तुमच्या गाडीत वॉल्व्ह 88 चा असेल तर गणित बदलेल. तिथं 92/87 चालणार नाही, कारण 87 हा 88 च्या खाली आला. मग 97-98 ला लागणारा स्विच घ्यावा लागेल, आणि मग झाकण व कूलंट चांगलं ठेवण्याशिवाय गत्यंतर नाही. म्हणून "माझ्याकडं 92 आहे, तूही 92 टाक" असं कुणाला सांगू नका. आधी वॉल्व्ह बघा.

अजून एक फरक. काही गाड्यांत हा स्विच रेडिएटरच्या खालच्या टाकीला असतो. तिथं पाणी जाळीतून थंड होऊन आलेलं असतं, इंजिनापेक्षा पाच-दहा अंश कमी. त्यामुळं तिथला स्विचही कमी आकड्याचाच लागतो, 87/82 सारखा तिथं बरोबर बसतो. इंजिनवरचा आकडा रेडिएटरला लावला तर पंखा फार उशिरा लागेल. या जागेची एक खूण सांगून ठेवतो. काटा लाल रेषेकडं चाललाय, पण खालचा पाइप आणि रेडिएटर हाताला गारच लागतोय, आणि पंखा गप्प आहे, तर स्विचला दोष देऊ नका. वॉल्व्ह बंद अवस्थेत अडकलाय. गरम पाणी स्विचपर्यंत पोचतच नाही, तो बिचारा काय करणार?

आणि 2020 नंतरच्या बीएस-6 गाड्यांत हे सगळं करायला जाऊ नका. तिथं सेन्सर तापमान सांगतो आणि पंख्याचा निर्णय गाडीचा कॉम्प्युटर घेतो. मधे आपली वायर घुसवली तर भलतंच काहीतरी होऊन बसायचं.

दुकानात मागताना "पंख्याचा थर्मो स्विच" असं स्पष्ट म्हणा. काट्याचा सेन्सर दिसायला सारखाच असतो, पण त्याचं काम वेगळं. तो तापमानाप्रमाणं विजेला कमी-जास्त अडवतो आणि काटा हलवतो. स्विच फक्त जोडतो किंवा तोडतो. जुना नग सोबत न्या म्हणजे आटे जुळतात. एका वायरचा आहे की दोन वायरचा हेही बघा. एका वायरच्या स्विचला अर्थिंग त्याच्या अंगातूनच इंजिनला मिळतं, म्हणून त्याच्या आट्यांवर टेफ्लॉन टेपचे वेढे मारू नका, अर्थ तुटू शकतो. तांब्याचं वॉशर टाकायचं आणि बेतानं आवळायचं. पितळ मऊ असतं, जोर केला की आटे जातात.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम: बसवायच्या आधी तपासायचं.

मी 92/87 चे दोन नग घेतले होते, दोन वेगवेगळ्या दुकानांतून. घरी पातेल्यात पाणी घेतलं. आई म्हणाली, "चहाच्या पातेल्यात तसलं काही घालायचं नाही." मग जनावरांच्या चंदीचा एक जुना डबा घासून घेतला. प्रयोगशाळेचा काचेचा थर्मामीटर 110 पर्यंतचा मिळतो, तो आणला. स्विच तारेनं बांधून त्याचं टोक पाण्यात राहील असा लटकवला, बुडाला टेकू दिला नाही. वायरीचं तोंड पाण्याच्या वर. मल्टीमीटर आवाजावर ठेवून मुलाच्या हातात दिला, आणि गॅस बारीक. पाणी हलवत राहायचं, नाहीतर खाली एक तापमान आणि वर एक.

पहिला नग 91 ला वाजला. गॅस बंद केला, 86 ला आवाज थांबला. एक अंशाचा फरक चालतो. दुसरा नग 92 झाले, 94 झाले, 95 झाले तरी गप्प. 97 ला वाजला. अंगावर मात्र दोघांच्याही 92/87 असंच कोरलेलं! त्यानंतर लगेच पाणी खळखळ उकळायला लागलं, थर्मामीटर 98 वर थांबला. म्हणजे तो नग गाडीत बसला असता तर उकळण्याच्या एका अंशावर जाऊन पंखा लागला असता. दुकानदाराला दाखवला, त्यानं काही न बोलता बदलून दिला.

यात एक गोष्ट ध्यानात घ्या. 100 चा स्विच आपल्याकडं साध्या पाण्यात तपासताच येत नाही, कारण पाणी तिथपर्यंत जातच नाही. डब्यात 100 चा स्विच वाजला तर तोही चुकीचाच आहे! आणि लांबून तापमान दाखवणारी ती लाल ठिपक्याची बंदूक चकचकीत धातूवर धरून आकडा घेऊ नका, चमकणाऱ्या पृष्ठभागावर ती कमी दाखवते.

राहिला पहिला सल्ला, डायरेक्टचा. त्यावर आमच्या घरातच चर्चा झाली. आबा म्हणाले, "कशाला उगा भानगड? ट्रॅक्टरचा पंखा चोवीस तास फिरतो, त्याला काय झालंय? स्विच मेला तर इंजिन मेलं. डायरेक्ट असला तर धोकाच नाही."

मी म्हणलं, "आबा, ट्रॅक्टरचा पंखा इंजिन फिरवतं. याला बॅटरी फिरवते. तुम्ही रांगेत अर्धा तास उभे राहता, इंजिन मंद, अल्टरनेटर कमी वीज देतो, आणि पंखा 8-10 अँपिअर ओढत राहतो. त्यात रात्रीचे दिवे. आणि मोटारचे ब्रश तुम्ही बघितलेच की."

"ब्रश स्वस्त की इंजिन स्वस्त?" आबांनी विचारलं.

या प्रश्नाला उत्तर नव्हतं, कारण त्यांचं बरोबर होतं. वॉल्व्ह जागेवर असेल तर डायरेक्ट पंख्यानं इंजिन फार थंडही पडत नाही, वॉल्व्ह मिटून सांभाळून घेतो. नुकसान मोटारचं आणि बॅटरीचं. स्विच मेला तर मात्र नुकसान इंजिनाचं. आणि मोंढ्यात गाडी आबाच नेतात. लिलावाकडं लक्ष, आडत्याशी बोलणं, कॅरेट मोजणं, त्यात काट्याकडं बघणार कोण?

म्हणून स्विच बसवला, पण आबांचं म्हणणं वायरिंगमध्येच घालून टाकलं. दोन गोष्टी जास्तीच्या केल्या. एक, डॅशबोर्डखाली हातानं दाबायचं बटण, जे स्विचला समांतर आहे. स्विच मेला तरी बटण दाबलं की पंखा सुरू. दोन, एक छोटा हिरवा दिवा, जो पंख्याला वीज गेली की लागतो. आबांना एवढंच सांगितलं: "रांगेत उभे असताना हिरवा दिवा लागतो-विझतो, तर सगळं बरं आहे. काटा वर गेला आणि दिवा लागलाच नाही, तर बटण दाबा." दिवा पंख्याच्या वायरवर असल्यामुळं मोटार जळाली तर तो कळवणार नाही, म्हणून कान द्यायलाही सांगितलं. दिवा आहे आणि आवाज नाही, तर गाडी बाजूला घ्या.

वायरिंगचं थोडक्यात: पंख्याची वीज स्विचमधून थेट न्यायची नाही. सुरू होताना मोटार दुप्पट-तिप्पट करंट ओढते, स्विचचे आतले पॉइंट चिकटतात. मधे रिले टाकायचा. रिलेचं 30 नंबर फ्यूजमधून बॅटरीला, 87 पंख्याला, 86 चावीच्या लाइनला आणि 85 स्विचमधून अर्थला. माझ्या पंख्याला 20 अँपिअरचा फ्यूज आणि अडीच स्क्वेअरची वायर पुरली. फ्यूज बॅटरीच्या जवळ हवा. पंख्याची दिशाही बघा. वायरी उलट्या लागल्या तर पंखा उलटा फिरतो आणि समोरून येणाऱ्या वाऱ्याशी भांडत बसतो. कागदाचा तुकडा रेडिएटरच्या पुढं धरा, तो जाळीकडं ओढला गेला पाहिजे.

काही गाड्यांत पंखा चावी काढल्यावरही लागू शकतो, म्हणून गरम इंजिनजवळ हात घालताना बॅटरीची वायर आधी काढा. माझ्याकडं चावीवर आहे, त्यामुळं आम्ही गाडी थांबवली की लगेच बंद करत नाही. मिनिट-दोन मिनिटं मंद चालू देतो, कारण इंजिन बंद केलं की पाण्याचा पंपही थांबतो आणि आतलं तापमान उलट थोडं चढतं.

मागचा पूर्ण एप्रिल आणि मे गाडी अशीच चालली. पाणंदीत पंखा तीन-चार मिनिटं चालतो, थोडा थांबतो, परत लागतो. डांबरीवर आलं की दिवा विझतो तो गावापर्यंत विझलेलाच. भर दुपारी रांगेत थांबण्याचा वेळ कमी होतो, चालण्याचा वाढतो, पण पंखा बंद होतो, आणि तेच बघायचं होतं. बटण अजून एकदाही दाबायची वेळ आली नाही. आबा मात्र मोंढ्यात शिरताना एकदा दाबून बघतात, चालतंय ना म्हणून. चांगली सवय आहे.

एवढं सगळं करून स्विच जादू करत नाही हेही सांगतो. रेडिएटरच्या जाळीत सोयाबीनचा भुसा आणि धूळ बसली असेल तर पंखा कितीही फिरला तरी वारा जाणार नाही. आतून-बाहेर, कमी दाबानं धुवा, नाहीतर पत्र्याच्या बारीक पात्या आडव्या होतात. बोअरचं पाणी रेडिएटरला घालू नका. ठिबकच्या नळ्यांत जो पांढरा क्षार आपण ॲसिडनं काढतो तोच रेडिएटरच्या नळ्यांत बसतो, आणि तिथं तो काढणं सोपं नाही. कूलंट महाग वाटलं तर निदान क्षार नसलेलं पाणी मिसळून वापरा. आणि गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. दाब गेला की आतलं पाणी त्याच क्षणी उकळून तोंडावर येतं.

यंदा मोसंबी तोडणीच्या आधी एक दुपार गाडीला द्या. क्रम असा ठेवा:

1. झाकण बघा, रबर कडक असेल तर बदला.
2. वॉल्व्हवरचा आकडा वाचा.
3. स्विच इंजिनवर आहे की रेडिएटरवर ते बघा.
4. इंजिनवर असेल तर बंद होण्याचा आकडा वॉल्व्हच्या वर चार-पाच अंश, आणि लागण्याचा आकडा 98 च्या खाली पाच-सहा अंश. दोन्ही जमत नसेल तर वॉल्व्हचा नियम पाळा आणि झाकण-कूलंट पक्कं ठेवा.
5. नवा स्विच डब्यात तपासल्याशिवाय बसवू नका.
6. हाताचं बटण ठेवाच.

तुमच्या गाडीतला वॉल्व्ह किती आकड्याचा निघाला आणि स्विच कितीला वाजला, ते डब्यात तपासून खाली लिहा. गाडीचं मॉडेल आणि स्विचची जागाही लिहा, म्हणजे तीच गाडी असणाऱ्या दुसऱ्या शेतकऱ्याच्या कामाला येईल.